काढला तरी पुन्हा जमणारा पांढरा थर

किटलीचा तळ, गिझरची कॉइल, नळाची जाळी, शॉवरची भोकं, कूलरचे पॅड, बाथरूमची काच. महिन्यापूर्वी घासून लख्ख केलं होतं आणि आज पुन्हा तेच, ही तक्रार या सगळ्यांबद्दल येते. थर सगळीकडे पांढराच दिसतो, म्हणून इलाजही सगळीकडे एकच केला जातो: आम्ल ओता, घासा, धुवा. थर जातो. पण तो ज्या क्रियेमुळे बसला ती क्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होते.

क्षार पाण्यात विरघळलेला असेपर्यंत कुणाचं काही बिघडवत नाही. तो पाण्यातून बाहेर पडतो तेव्हा अडचण होते, आणि बाहेर पडण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पाणी तापतं, किंवा पृष्ठभागावर वाळतं, किंवा थोडं थोडं उडून जाऊन उरलेलं पाणी दाट होत जातं. तुमच्याकडे यातली कोणती वाट चालू आहे ते ठरवल्याशिवाय केलेला खर्च बहुधा चुकीच्या जागी होतो. वाळण्यामुळे पडणाऱ्या डागांवर गिझरचं तापमान कमी करून काही होत नाही, आणि कॉइलवरच्या थरावर नळ पुसून उपयोग नाही.

आधी थर ओळखा

एक खपली काढा, पांढऱ्या बशीत ठेवा आणि तिच्यावर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका.

जोरात फसफसली आणि काही मिनिटांत विरघळली, तर ती कॅल्शियम कार्बोनेट. बहुतेक घरांतला थर हाच असतो आणि या लेखातला बराचसा भाग त्याच्याबद्दल आहे.

बुडबुडे न येता हळूहळू विरघळली, तर तिच्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा वाटा मोठा आहे. पाणी सतत उकळत ठेवणाऱ्या भांड्यात हे जास्त दिसतं. काढण्याची पद्धत तीच.

काहीच झालं नाही आणि खपली कडक, स्फटिकासारखी असेल, तर कॅल्शियम सल्फेटची शंका घ्या. त्यावर घरगुती आम्लं जवळजवळ चालत नाहीत, आणि लोक आम्लाचं प्रमाण वाढवत जाऊन शेवटी भांडंच खराब करतात. याला दोन टप्पे लागतात. धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं, लिटरला १०० ग्रॅमचं गरम द्रावण करून त्यात वस्तू काही तास बुडवून ठेवा. सल्फेटचं कार्बोनेट होतं, मग ते नेहमीच्या आम्लाने निघतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर मात्र हा सोडा वापरू नका, तो धातूच खातो.

सोडा आणि आम्ल दोन्हींना दाद न देणारा, काचेसारखा पातळ थर सिलिकाचा असतो. तो फक्त खरडूनच निघतो, तोही पृष्ठभागाला सोसत असेल तर.

तांबूस-तपकिरी रंग लोहाचा. त्याला व्हिनेगरपेक्षा सायट्रिक आम्ल बरं, कारण सायट्रेट लोहाला पकडून पाण्यात धरून ठेवतं. ब्लीच लावाल तर डाग आणखी पक्का होतो: पाण्यात विरघळणारं लोहही त्याने न विरघळणाऱ्या रूपात जातं. आणि आम्लासोबत किंवा आम्लानंतर लगेच ब्लीच ओतणं तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो.

नुसत्या साध्या पाण्याने पुसल्यावर निघून जाणारी पांढरी भुकटी ही सोडियमचे क्षार असते. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवलेल्या घरात हेच डाग दिसतात आणि लोकांना वाटतं सॉफ्टनर बंद पडला. तो चालू असल्याचीच ती खूण आहे.

मोजायचं काय

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार, जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यातलं कॅल्शियम किती, सोडियम किती हे त्याला कळत नाही. ८०० टीडीएसचं पाणी मुख्यतः मिठाचं असेल तर कॉइलवर फारसं काही बसणार नाही, आणि ३०० टीडीएसच्या पाण्यातही बहुतेक कॅल्शियम बायकार्बोनेट असेल तर किटली महिन्याभरात पांढरी होईल.

जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मांडतात. ढोबळमानाने ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड. रंगपट्टीने अंदाज मिळतो. नेमका आकडा हवा असेल तर ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाचं, किट घ्या. ५० मिलिलिटर पाण्यात पीएच १० वर टिकवणारा बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक टाकल्यावर रंग वाइनसारखा लालसर होतो, ०.०१ मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडत जायचं आणि लाल छटा पूर्ण जाऊन निळा रंग आला की थांबायचं. जितके मिलिलिटर लागले त्याला २० ने गुणलं की जडपणा मिळाला. १२.५ मिलिलिटर लागले तर २५०.

किट नसेल तर साबण आहेच. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणत, आणि या नावातच चाचणी आहे: फेस नीट येत नाही, वर चोथ्यासारखा साका तरंगतो. मात्र खरा साबण हवा. डिटर्जंट जड पाण्यातही फेसाळतं, त्याने फसगत होते.

एकूण आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते त्यातला तात्पुरता, म्हणजे उकळल्यावर निघून जाणारा, जडपणा किती हे. एक लिटर पाणी मोजा, १५ मिनिटं उकळा, थंड करून गाळा, जेवढं आटलं तेवढं डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा एक लिटर करा आणि परत मोजा. २५० चे ९० झाले तर १६० तात्पुरता, ९० कायमचा. तापण्यामुळे बसणारा थर मुख्यतः या १६० मधून येतो.

तापण्यामुळे बसणारा थर

मीठ, साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. जमिनीतून झिरपताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीला बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवतं. शुद्ध पाण्यात एका लिटरला जेमतेम १५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. तुमच्या नळाच्या पाण्यात २००-३०० असतं ते या वायूच्या जोरावर. पाणी तापवलं की वायू निघून जातो: कार्बन डायऑक्साइडच्याच वातावरणात, सामान्य दाबाला, २० अंश सेल्सिअसवर लिटरभर पाण्यात तो सुमारे १.७ ग्रॅम राहतो, ६० अंशांवर ०.६ ग्रॅमच्या आसपास. वायू गेला की बायकार्बोनेट मोडतं आणि कार्बोनेट बाहेर पडतं. चुनखडीच्या गुहेत हजारो वर्षं चालणारी क्रियाच तुमच्या किटलीत चार मिनिटांत होते.

बाहेर पडलेलं कार्बोनेट सर्वांत गरम जागी बसतं. टाकीतलं पाणी ६० अंशांवर असलं तरी कॉइलचा पृष्ठभाग त्याहून बराच गरम असतो. एकदा थर बसला की तो पृष्ठभाग आणखी तापतो. आकड्यांत पाहा: कॉइलच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ८ वॉट उष्णता बाहेर पडत असेल आणि वर १ मिलिमीटर जाडीचा थर असेल, तर थराची उष्णतावाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विन धरून आतली-बाहेरची तफावत ८० अंशांची येते. तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास आहे, तिथे हाच फरक अंशाचा पाचवा भाग. म्हणून कॉइल आतून भाजत राहते आणि एक दिवस तुटते.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. विजेच्या गिझरमध्ये थरामुळे वीज दुप्पट लागते, असं सर्रास सांगतात. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता जाणार तरी कुठे? उशिरा का होईना, पाण्यातच जाते. नुकसान विजेचं थोडं आणि कॉइलच्या आयुष्याचं मोठं. गॅसच्या गिझरचं गणित वेगळं आहे: तिथे थर आडवा आला की ज्योतीची उष्णता धुराड्यातून बाहेर जाते, आणि इंधन खरोखरच जास्त जळतं.

याची पडताळणी घड्याळाने करता येते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोजूल लागतात. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २,२०० किलोजूल, म्हणजे २ किलोवॉटच्या कॉइलला १८ ते १९ मिनिटं. याहून खूप जास्त वेळ लागत असेल तर थराआधी व्होल्टेज तपासा. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, २३० चे २०० झाले तर २ किलोवॉटची कॉइल दीड किलोवॉटचंच काम करते. उलट गिझर नेहमीपेक्षा लवकर बंद होतो आणि पाणी कोमटच येतं, तेव्हा मात्र थराचा संशय पक्का: कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी यांच्यामध्ये क्षाराचा पूल बनला आहे, त्यामुळे थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी कॉइलचीच धग लागते. तापताना गुरगुर किंवा तडतड ऐकू येत असेल तर थराखाली अडकलेलं पाणी वाफ होऊन फुटतं आहे.

किटली

सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व म्हणून मिळणारी पांढरी पूड, यासाठी चांगली; फक्त प्रमाण आणि तापमान सांभाळा. हिशोब असा. तळ १५० चौरस सेंटीमीटर, थर अर्धा मिलिमीटर, थोडा सच्छिद्र म्हणून घनता २ धरली तर थर भरला १५ ग्रॅम. १ ग्रॅम कार्बोनेटला निर्जल सायट्रिक आम्ल १.२८ ग्रॅम लागतं, म्हणजे किमान १९ ग्रॅम. प्रत्यक्षात याच्या दुप्पट घ्या, कारण आम्ल संपत आलं की क्रिया रेंगाळते. ४० ग्रॅम पूड, एक लिटर पाणी, ५० ते ६० अंश तापमान, अर्धा तास. मग ओतून दोनदा खळखळून धुवा.

आम्ल घालून किटली उकळू नका. सायट्रिक आम्लातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट साध्या पाण्यात लिटरला एक ग्रॅमही विरघळत नाही, आणि गरम पाण्यात त्याहून कमी. कमी आम्ल आणि खळखळतं पाणी असा योग जुळला की जुना थर जाऊन त्याच्या जागी नवाच पांढरा, पिठासारखा लेप बसतो आणि तो पुढच्या आम्लालाही लवकर दाद देत नाही. ‘लिंबूसत्त्वाने क्षार वाढला’ ही तक्रार इथूनच येते.

थर जाड असेल तर व्हिनेगर जास्त बरं. कॅल्शियम अ‍ॅसिटेट पाण्यात भरपूर विरघळतं, साका बसत नाही. ५ टक्क्यांच्या एका लिटर व्हिनेगरने कागदावर सुमारे ४२ ग्रॅम थर निघतो, व्यवहारात याच्या निम्मा धरा. सल्फॅमिक आम्लही साका सोडत नाही आणि जोरदार आहे. पण ते गार किंवा जेमतेम कोमट पाण्यातच वापरायचं. गरम पाण्यात त्याचं हळूहळू सल्फेट होतं, आणि सल्फेट काढण्याचा त्रास वर सांगितलाच आहे.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालायचा नुस्खा फिरत असतो. फेस छान येतो. तो फेस म्हणजे तुमचं आम्ल सोड्यावर खर्च होत असल्याचा आवाज. थरासाठी उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी.

थर पूर्ण काढा, ‘बराचसा’ नको. गुळगुळीत धातूवर पहिला स्फटिक बसणं अवघड असतं, जुन्या थराच्या खडबडीत शिल्लक भागावर नवा स्फटिक सहज बसतो. अर्धवट साफ केलेली किटली नव्या किटलीपेक्षा लवकर पांढरी होते ती यामुळे. तारेच्या घासणीने ओरखडे पाडले तरी तोच परिणाम. आणि उरलेलं पाणी आत तसंच ठेवून त्यावर नवं भरायची सवय सोडा, थराचा वेग तिथेच बराच उतरतो.

गिझर

आधी किती जमणार याचा अंदाज. तात्पुरता जडपणा २५० आणि रोज ६० लिटर गरम पाणी, म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम कार्बोनेट टाकीतून जातं. त्यातला दहावा भाग आत राहिला असं धरलं तरी वर्षाला ५५० ग्रॅम. त्यामुळे अशा पाण्याला वर्षातून एकदा उघडणं ही चैन नव्हे.

१. एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा. पाणी गार होऊ द्या.

२. थंड पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडा, मग खालच्या निचऱ्याच्या बुचातून किंवा थंड पाण्याचा जोड सोडून टाकी रिकामी करा. निचरा अडला तर खपल्या तोंडाशी आल्या आहेत; आत सळई खुपसू नका, उलट बाजूने पाणी सोडून मोकळं करा.

३. वायरींचा फोटो काढा. फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या झाकणाचे, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने ढिले करा.

४. कॉइलसोबत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड येतो. तो वेगळा काढा. आम्लात तो फसफसून संपतो. निम्म्याहून जास्त झिजला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. टाकीचं गंजणं तो स्वतःवर घेतो, म्हणून क्षाराच्या नादात त्याला विसरणं महागात पडतं.

५. प्लास्टिकच्या बादलीत लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ५० अंश, कॉइल टर्मिनलच्या खालपर्यंतच बुडवा. एक ते दोन तास. बुडबुडे थांबले आणि थर उरला तर द्रावण थकलं आहे, नवीन करा. हातोडीने ठोकून थर उडवू नका. कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड असते, नळीला बारीक चीर गेली की पूड ओल धरते आणि करंट पाण्यात उतरतो.

६. टाकीतल्या सुट्या खपल्या हाताने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने काढा. आतलं काचेसारखं अस्तर धातूने खरडू नका. आतल्या भिंतीवरचा पातळ थर तसाच राहिला तरी बिघडत नाही, तिथे उष्णता तयार होत नाही.

७. कॉइल धुऊन कोरडी करा, रोध मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट: २३० व्होल्ट, २,००० वॉटला सुमारे २६ ओहम. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, टर्मिनल आणि नळी यांच्यातलं इन्सुलेशन पाहा; एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती कॉइल परत लावू नका.

८. नवीन गॅस्केट, बोल्ट पुन्हा समोरासमोर आवळा. टाकी पूर्ण भरून गरम नळातून हवा न फुसफुसता सलग धार येईपर्यंत वीज चालू करू नका. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.

थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ६० वर आणा. थर बसण्याचा वेग तापमानासोबत झपाट्याने वाढतो, त्यामुळे एवढ्याने फरक जाणवतो. त्याखाली मात्र उतरू नका: साठवलेलं पाणी कायम ५० अंशांच्या खाली राहिलं तर लेजिओनेला जिवाणूंना वाढायला जागा मिळते. अंगावर घेताना थंड पाणी मिसळायचं, साठवताना नाही.

पाणी तापत असताना सुरक्षा झडपेतून थेंब पडतात म्हणून तिला बूच मारणारे लोक आहेत. २५ वरून ६० अंशांवर पाणी सुमारे १.४ टक्के फुगतं, १५ लिटरच्या टाकीत ते २०० मिलिलिटरहून जास्त भरतं. त्याला वाट हवीच. तापताना गळतं आणि नंतर थांबतं, तर झडप काम करते आहे. दिवसरात्र गळत असेल तर तिच्या बैठकीवर क्षार अडकला आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. महिन्यातून एकदा तिची दांडी उचलून थोडं पाणी जाऊ दिलं की ती चिकटत नाही.

वाळण्यामुळे पडणारे डाग

इथे रसायन फारसं नाही. थेंबातलं पाणी उडतं, जे काही विरघळलेलं होतं ते सगळं मागे राहतं. तात्पुरतं-कायमचं असा भेद नाही, म्हणून इथे टीडीएसचा आकडा खरोखर उपयोगी आहे. उपाय एकच, थेंब वाळू न देणं. आंघोळीनंतर रबरी पट्टीचा वायपर काचेवरून दोनदा फिरवला की नव्वद टक्के काम झालं.

भिंतीवरचा चिकट राखाडी लेप हा नुसता क्षार नसतो, साबणाचा चोथा आणि क्षार यांचं मिश्रण असतं. आधी डिटर्जंटने स्निग्धता काढा, मग आम्ल लावा. क्रम उलटा केलात तर आम्लाने साबणातली मेदाम्लं सुटी होऊन मेणासारखी पसरतात.

नळाची जाळी आणि शॉवरचं तोंड काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. क्रोमच्या मुलाम्यावर रात्रभर नको. संगमरवरावर आम्लाचा थेंबही नको, कारण संगमरवर हाच कॅल्शियम कार्बोनेट आहे. आम्लाला डाग आणि फरशी यांच्यातला फरक कळत नाही.

दाट होत जाणारं पाणी: कूलर आणि आरओ

कूलरमधून हवेत जातं ते निव्वळ पाणी. क्षार टाकीत उरतात. संध्याकाळी वरून पाणी भरता तेव्हा नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात, जुने तिथेच असतात. आठवडाभरात टाकीतलं पाणी नळाच्या पाण्याच्या कित्येक पट दाट होतं आणि पॅड दगडासारखे होतात. पॅड बदलून, टाकीत काहीबाही पावडर टाकून हे थांबत नाही. पाणी काढून टाकावं लागतं, आणि किती ते ठरवता येतं.

तासाला जेवढं पाणी उडतं त्याला दाटपणाच्या पटीतून एक वजा करून भागा. तासाला ५ लिटर उडत असेल आणि पाणी तिपटीपेक्षा दाट होऊ द्यायचं नसेल, तर ५ भागिले २, म्हणजे तासाला अडीच लिटर पाणी टाकीतून सतत बाहेर जायला हवं. पंपाच्या नळीला बारीक फांदी काढून ती निचऱ्यात सोडली की हे आपोआप होतं. वाया जाणारं पाणी डोळ्यांत भरतं, म्हणून लोक ही फांदी बंद करतात. ते जमत नसेल तर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून नव्याने भरा. भर घालणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आरओमध्येही हेच गणित. आत गेलेल्या पाण्यापैकी ७५ टक्के शुद्ध म्हणून काढलं तर उरलेल्या चतुर्थांशात क्षार जवळजवळ चौपट होतात आणि पाणी गाळणाऱ्या पडद्यावर बसतात. वाया जाणारं पाणी वाचवण्यासाठी टाकाऊ नळी चिमटून ठेवणाऱ्यांचा पडदा म्हणूनच लवकर जातो.

सॉफ्टनर आहे, तरीही थर बसतो

सॉफ्टनर क्षार काढत नाही, आतल्या रेझिनच्या मण्यांवर अदलाबदल करतो: कॅल्शियम, मॅग्नेशियम घेतो आणि सोडियम सोडतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, किंचित वाढतो. टीडीएस मीटरने सॉफ्टनर तपासून ‘बिघडला’ म्हणणं चूक. सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी घेऊन जडपणा मोजा. नंतरचा आकडा २० च्या वर असेल तर या क्रमाने पाहा.

बायपास झडप, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी सोडणारी झडप, अर्धवट उघडी नाही ना. हे आधी पाहा, कारण ही चूक फुकटात सुटते आणि वारंवार सापडते.

मिठाच्या टाकीत लाकडी काठी सरळ खाली घाला. मध्येच कडक लागलं आणि खाली पोकळ असेल तर मिठाचा पूल झाला आहे. वर मीठ दिसतं, पण खाली पाण्याला स्पर्शच होत नाही. पूल फोडा आणि पुढे टाकी दोनतृतीयांशाच्या वर भरू नका. काठीला सगळीकडे ओला लगदा लागला तर बारीक मीठ तळाशी घट्ट बसलं आहे, टाकी रिकामी करून धुवा आणि मोठ्या खड्याचं मीठ वापरा.

रिजनरेशनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करण्याच्या, वेळी मिठाच्या टाकीतली पातळी उतरते का? उतरत नसेल तर मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरचं बारीक भोक किंवा त्याची जाळी तुंबली आहे.

हे सगळं ठीक असेल तर क्षमतेचा हिशोब पुन्हा मांडा. रेझिनची व्यवहारातली क्षमता लिटरला ५० ग्रॅम जडपणा धरा. १० लिटर रेझिन म्हणजे ५०० ग्रॅम. जडपणा ३०० आणि रोजचा वापर ५०० लिटर असेल तर दिवसाला १५० ग्रॅम, म्हणजे तीन दिवसांनी रिजनरेशन हवंच. आठवड्याचं टायमर लावलं असेल तर चार दिवस जड पाणीच येतं आहे. प्रत्येक वेळी लिटर रेझिनला १०० ते १२० ग्रॅम मीठ, इथे एक ते सव्वा किलो. पाण्याचा स्रोत बदलला की जडपणा बदलतो आणि जुनं सेटिंग चुकीचं ठरतं, त्यामुळे बसवताना मोजलेल्या आकड्यावर वर्षानुवर्षं विसंबू नका.

रेझिन तपकिरी झालं असेल तर लोह चढलं आहे. लोहासाठी आधी वेगळा फिल्टर हवा. रेझिनचे मणी बोटांनी दाबल्यावर चुरा होत असतील तर क्लोरीनने ते खाल्लं आहे, मिठाने ते परत येत नाही.

३०० जडपणा पूर्ण काढला की लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. त्यामुळे पिण्याची आणि झाडांची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढलेली बरी.

मऊ करायचं नसेल, नुसता थर लांबवायचा असेल, तर पॉलिफॉस्फेटचा मार्ग आहे. लिटरला २ ते ५ मिलिग्रॅम इतकं अल्प फॉस्फेट वाढत्या स्फटिकाच्या टोकांवर बसून त्याची वाढ अडवतं. उकळत्या किंवा फार गरम साठवलेल्या पाण्यात ते मोडतं, म्हणून ७५ अंशांवर ठेवलेल्या गिझरला त्याचा उपयोग बेताचाच. नळीभोवती बांधायच्या चुंबकांचे निकाल इतके उलटसुलट येतात की त्यांच्या भरवशावर वार्षिक साफसफाई टाळू नये.

जे क्षार नाही

नळाचं पाणी दुधाळ दिसतं तेव्हा ते काचेच्या ग्लासात घेऊन दोन मिनिटं बघा. खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती हवा आहे, दाबाखाली विरघळलेली आणि नळातून बाहेर येताच सुटलेली. वरून खाली स्वच्छ होत तळाशी कण बसले तर क्षाराचा गाळ.

फक्त गरम पाण्यालाच कुजक्या अंड्यांचा वास येत असेल तर टाकीत सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढले आहेत आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड त्यांना मदत करतो आहे. टाकी काही तास ६५ ते ७० अंशांवर नेऊन धुऊन टाका. तरी परत आला तर अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा लावा.

बेसिनमध्ये निळसर-हिरवी रेघ पडत असेल तर पाणी जड नसून उलट आम्लधर्मी असण्याची शक्यता मोठी. तिथे तांब्याची नळी झिजते आहे. पीएच मोजा, आणि तो ६.५ च्या खाली असेल तर क्षार काढण्याऐवजी पाण्यात थोडी चुनखडी घालणारा फिल्टर लागेल.